शस्त्रक्रियेनंतर बाळंतिणीनें केव्हां उठावें?

बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची आपल्याकडे चाल आहे, व ती मायेची चाल आहे. परंतु पोट चिरून मूल काढावें लागलें, म्हणजे घरचीं माणसें म्हणतात, "टांके तुटतील, हिला हलूं देऊं नका." ही भीति साहजिक आहे, पण तिच्यापासून अपाय होतो. तो कसा, हें पाहूं.

गरोदरपणीं व बाळंतपणानंतर कांहीं आठवडे स्त्रीचें रक्त एरवीपेक्षां लवकर गोठतें. फार रक्तस्राव होऊं नये, म्हणून शरीराचीच ही योजना आहे. चालतांना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. बाळंतीण निश्चल पडून राहिली, कीं तेथील रक्त मंदावतें व त्याची गुठळी होऊं शकते. ती फुप्फुसांत गेली, तर प्राणावर बेततें. टांक्यांविषयीं म्हणाल, तर गर्भाशय व पोटाचे थर निरनिराळे शिवलेले असतात. हळू चालण्यानें ते उसवत नाहींत. शिकागोचे डॉ. एमिल रीस यांनीं पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांस लवकर उठविण्याचा आपला अनुभव १८९९ सालींच प्रसिद्ध केला होता.

अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो कीं बीडचें जिल्हा रुग्णालय, परिचारिका सांगेल तेव्हां उठावें. बहुधा पहिल्या दिवसाच्या आंतच ती सांगते. पायांत संवेदना येतांच निजल्या जागीं घोटे हलवावे. मग कुशीवर वळून, कोपराचा आधार घेऊन बसावें व पाय खालीं सोडावे. घेरी येत नसल्यास, जखमेवर उशी धरून, दुसरीच्या आधारानें चार पावलें टाकावीं. पहिल्या वेळीं एकटीनें उठूं नये. दुखत असल्यास औषध मागावें, त्यांत लाज नाहीं.

मात्र चालणें म्हणजे कष्ट नव्हे. ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींनीं विशेष लक्षांत ठेवावें: निदान सहा आठवडे मोळी किंवा भरलेली घागर उचलूं नये, बाळापेक्षां जड कांहींच नको.

एक पाय सुजून दुखूं लागला, धाप लागली, छातींत दुखलें, ताप आला, जखमेंतून पू आला किंवा रक्त फार जाऊं लागलें, तर घरगुती उपाय न करितां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

प्रश्न. १. पडून राहिल्यानें गुठळी कां होते? २. प्रथम कसें उठावें? ३. कोणत्या लक्षणांस विलंब करूं नये?

ज्या सासूबाईंना हीं उत्तरें ठाऊक, त्यांची सून सुरक्षित.