‘डन्स’ आणि ‘ढ’

इंग्रजी भाषेत मूर्खवाचक शब्दांची वाण नाही. ‘फूल’, ‘इडियट’, ‘स्टुपिड’ हे शब्द बाजारातही ऐकू येतात. परंतु ‘डन्स’ हा शब्द खास शाळेतला. एरवी व्यवहारात चतुर असेल, पण शिकविलेले ज्यास येत नाही, त्यास तो लावतात. त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द ‘मूर्ख’ नव्हे, तर ‘ढ’ होय.

या शब्दाचा उगम मौजेचा आहे. जॉन डन्स स्कोटस हा स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञ इ. स. १३०८ मध्ये वारला. त्याची विचारसरणी इतकी बारीक की, त्यास ‘सूक्ष्म आचार्य’ अशी पदवी मिळाली होती. पुढे सोळाव्या शतकात नव्या विद्येच्या पुरस्कर्त्यांनी त्याच्या अनुयायांस हटवादी ठरवून ‘डन्स’ म्हणून हिणविले, आणि एका पंडिताचे नाव मठ्ठपणाची खूण होऊन बसले! इंग्लंडातील शाळांत अशा मुलाच्या डोक्यावर कागदाची निमुळती टोपी घालून त्यास कोपऱ्यात उभे करीत.

आपल्या ‘ढ’ची उपपत्ती अशी सांगतात की, अशोककालीन ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षांत पार पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. ब्राह्मीतील चार अक्षरे फळ्यावर काढून दाखविल्यास वर्गास गोडी वाटेल.

सुरगाणा तालुक्यात मात्र हा शब्द उच्चारण्यापूर्वी थांबावे. येथील पुष्कळ मुलांची घरची भाषा कोकणा वा वारली बोली. पुस्तकातील मराठी त्यांस नवी, आणि इ. स. २००० पासून पहिलीतच आलेली इंग्रजी त्याहून नवी. प्रश्न न कळल्याने गप्प राहिलेले मूल निराळे आणि उत्तर न येणारे मूल निराळे. तोच प्रश्न त्याच्या बोलीत विचारून पाहावा. ती येत नसल्यास वरच्या वर्गातील एखाद्या मुलाकडून विचारवावा. नागलीसाठी राब कसा भाजतात, हे तेच मूल गुरुजींस समजावून सांगेल. सन २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाच्या मानसिक छळास मनाई केली आहे. वर्गासमक्ष ‘ढ’ म्हणणे त्यापासून फारसे दूर नाही.

वाचनात ‘डन्स’ हा शब्द आल्यास ‘अभ्यासात मागे पडणारा’ असा अर्थ द्यावा. वाक्यात उपयोग करावयास सांगताना वर्गातील कोणाचे नाव येऊ देऊ नये. मुले ती संधी सहसा सोडीत नाहीत.