देवाची इच्छा की माझीच हौस?

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावंसं वाटतं. ही देवाचीच इच्छा आहे, हे कसं ओळखू?

उत्तर : निर्णय आधीच पक्का करून प्रार्थनेला बसलात, तर आपलाच आवाज ऐकू येईल. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा ही स्वतःची इच्छा आधी मोकळेपणाने सांगितली, मग ती पित्याच्या स्वाधीन केली. तुम्हीही तसंच करा. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापलेल्या साधनाग्रंथात एक कसोटी आहे : हाच प्रश्न अनोळखी माणसाने विचारला, तर देवाच्या गौरवासाठी त्याला काय सल्ला द्याल? तोच स्वतः पाळा. घरच्यांशी, पाळकांशी बोला. देवाकडून ‘नाही’ आलं तरी ते मनापासून स्वीकारायची तयारी झाली, की समर्पण खरं समजा.