कुरणशाळा आणि आपले पठार

'मूल खेळते म्हणजे वेळ वाया घालवते', ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. पाटी घेऊन भिंतीच्या आत बसलेले मूल शहाणे आणि मातीत लोळणारे मूल वांड, हा आपला निवाडा! बालशिक्षणाचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने १८४० साली आपल्या बालशाळेला नावच मुळी 'बालकांची बाग' असे दिले. महाराष्ट्रात हा विचार आदिवासी पाड्यापर्यंत नेला तो ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डी येथे त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली; ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला. परंतु शब्द पोहोचला तरी अंगण सगळीकडे पोहोचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

उघड्यावरील खेळाने काय साधते? उंचसखल जमिनीवर धावताना तोल सावरण्याची सवय लागते. चिंचोके वाटून घेताना मोजणी व वाटणी कळते. वाळू एका करवंटीतून दुसरीत ओतताना कमी-जास्त समजते. 'आता डाव माझा' म्हणून भांडण होते आणि मिटतेही. हे नागरिकशास्त्राचे पहिले धडे होत. भरपूर दिवसाउजेडात खेळणाऱ्या मुलांत जवळच्या दृष्टीचा दोष कमी उद्भवतो, असेही संशोधनात आढळले आहे. म्हणूनच तैवानात २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर असावे, असा प्रयत्न चालू आहे.

आपल्या आणे पठारावर पाणी कमी, पण मोकळी जागा पुष्कळ. घाटाच्या परिसरात गुळुंचवाडीला ओढ्याच्या पाण्याने खडक कोरून नैसर्गिक पूल केला आहे. पाण्याची ताकद शिकविण्यास याहून मोठा फळा कोठे मिळेल?

यावर कोणी म्हणेल, 'आणि बिबट्या?' हा प्रश्न खोटा नाही. जुन्नर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले दगावली आहेत. अशा आईबापांना 'मूल बाहेर सोडा' असा कोरडा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. परंतु त्यावर उपाय मुलाला दिवसभर कोंडणे हाही नव्हे. झाडोरा काढून स्वच्छ केलेले, कुंपण घातलेले अंगण, ऊन वर आल्यानंतरची वेळ, सोबत एक जाणते माणूस आणि दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी घरात, एवढी शिस्त पाळली तर खेळ व जीव दोन्ही राखता येतील.

कोसबाडला कुरण शाळा झाले, ते कोणी तरी मुलांबरोबर तेथे जाऊन बसले म्हणून. आपल्या गावातील शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन तास अंगणवाडीच्या अंगणात दिले, तर राखणही होईल आणि शिक्षणही.