मेरेवरची शाळा : पेडणे-डिचोलीत सेंद्रिय शेतीचे प्रशिक्षण कसे भरवावे

शेतकऱ्याचा विश्वास बसतो तो शेजारच्या कुणग्यात उभ्या असलेल्या पिकावर. सभागृहातले एका दिवसाचे शिबिर ऐकून माणसे घरी जातात, आणि पहिल्या पावसाला हात पुन्हा खताच्या पिशवीकडेच वळतो. म्हणून इथे सांगितलेला वर्ग पावसाळी भाताच्या अख्ख्या हंगामाचा आहे. तो एकाच शेताच्या मेरेवर, दर पंधरा दिवसांनी दोन तास भरवायचा. गावची पंचायत, महिलांचा स्वयंसाहाय्य गट किंवा चार उत्साही शेतकरी, कुणीही तो उभा करू शकते.

काय लागेल

- एकाच वाड्यावरचे १५ ते २० शेतकरी. शेतातले निम्मे काम बायकाच करतात, तेव्हा त्यांना सवडीची वेळ आधी विचारा.
- १,००० चौरस मीटरचे एक शेत, म्हणजे एकराचा साधारण चौथा भाग.
- देशी गाय असलेले एक घर.
- साठ-सत्तर लिटरचे पिंप, गोणपाट, ढवळायला काठी आणि एक जाड वही.
- मार्गदर्शनासाठी आपल्या तालुक्याचे विभागीय कृषी कार्यालय आणि जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्र. खाजन जमिनीचे प्रश्न एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे न्यावेत.

कृती

१. शेत निवडा (एप्रिल). भाताचे कुणगे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात आणि पाणी वरच्यातून खालच्यात येते. वरच्या शेतात युरिया पडला की तो खाली पोचलाच. म्हणून शक्यतो सर्वांत वरचे शेत घ्या. नाहीतर वरच्या शेजाऱ्याला गटात ओढा. शेताचे दोन भाग करून मधे मेर घाला. वरचा भाग सेंद्रिय ठेवा आणि खालच्या भागात मालकाची नेहमीची पद्धत चालू द्या. तुलना डोळ्यांसमोर असली की वाद कमी होतात. या दिवसांत माणसे काजूच्या बागायतीत असतात, तेव्हा बैठक संध्याकाळी घ्या.

२. माती तपासा (मेचा पहिला पंधरवडा). प्रत्येकाने आपल्या शेताचा नमुना आणावा. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घ्या. मेर, झाडाची सावली आणि शेणाच्या ढिगाची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून सावलीत सुकवा, त्यातली अर्धा किलो ठेवा आणि कृषी कार्यालयामार्फत प्रयोगशाळेत पाठवा. आपली जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असते. नेमकी किती, ते अहवालात कळेल. डिचोलीत ज्या शेतांत खाणीचा लाल गाळ उतरला आहे, त्यांचे नमुने वेगळे ठेवा. तेरेखोल, शापोरा आणि मांडवीकाठच्या खाजनांत क्षारांची तपासणी मुद्दाम मागा. तिथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भातच चालते.

३. बियाणे तयार करा (मेअखेर). १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओता. तरंगेल ते पोचट. ते काढून टाका. तळाचे बी दोन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. मग बीजामृत करा : २ लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, चिमूटभर चुना, चिमूटभर माती. रात्रभर मुरवून सकाळी बियाण्याला चोळा. दहा किलो बियाण्याला एवढे पुरते. हे काम प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे, नुसते बघायचे नाही.

४. जीवामृत करा (जूनपासून). पुस्तकांतले माप एकराला २०० लिटरचे असते. आपल्या १,००० चौरस मीटरांना ५० लिटर पुरेत, आणि सेंद्रिय भाग निम्माच असेल तर २५ लिटर. ५० लिटर विहिरीच्या पाण्याला अडीच किलो ताजे शेण, अडीच लिटर गोमूत्र, अर्धा किलो काळा गूळ, अर्धा किलो बेसन आणि मेरेवरची मूठभर माती घ्या. ही माती जिथे कधी फवारणी झाली नाही अशा जागेची हवी, कारण विरजण तेच आहे. गूळ आधी वेगळा विरघळवा आणि बेसनाच्या गुठळ्या हाताने मोडा. पिंप सावलीत ठेवा, तोंडाला गोणपाट बांधा, पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नका. सकाळ-संध्याकाळ काठीने एकाच दिशेने ढवळा. दुसऱ्या दिवशी वर बारीक बुडबुडे येतात आणि शेणाचा वास मागे सरून आंबूस वास येतो. ४८ तासांनी वापरायला घ्या, सात दिवसांत संपवा. कुजका दर्प आला तर ओतून द्या आणि नव्याने करा. वापरताना शेतातले पाणी कमी करून ओल्या जमिनीवर घाला. पुढे दर पंधरा दिवसांनी.

५. लावणीच्या वेळी (जुलै). चिखलणीत गिरीपुष्पाचा कोवळा पाला तुडवा. मेरेवर फांद्या लावल्या तर पुढच्या वर्षी पाला विकत आणावा लागणार नाही. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडा. खोडकिड्याची अंडी बरीचशी तिथेच असतात. खुडलेले शेंडे शेतात न टाकता जाळा.

६. पंधरवड्याची पाहणी. दोन्ही भागांतले दहा-दहा चूड निवडून फुटवे मोजा. किडी किती आणि कोळी, चतुर किती, तेही लिहा. खर्च आणि मजुरी त्याच दिवशी वहीत उतरवा. चतुर्थीच्या आधीची बैठक परसातल्या भाजीवर घ्या. माटोळीला बांधायची काकडी, दोडकी, चिबूड फवारणीविना पिकवली, की हा विषय घरातल्या म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांचा होतो.

७. कापणी आणि हिशेब (ऑक्टोबर). दोन्ही भागांत तीन-तीन ठिकाणी एक चौरस मीटर कापून, झोडून, वाळवून वजन करा. पहिल्या वर्षी सेंद्रिय भागाचे उत्पन्न कमी भरू शकते. ते लपवू नका. वजनाशेजारी खर्चही मांडा, म्हणजे हाती खरोखर काय उरले ते दिसेल.

८. गट बांधा. पीजीएस पद्धतीत गावातले किमान पाच शेतकरी एकत्र येऊन एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि प्रमाणपत्र गटाला मिळते. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना (२०१५) याच पद्धतीवर उभी आहे. पूर्ण सेंद्रिय होईपर्यंत साधारण तीन वर्षे लागतात, तेवढी तयारी ठेवा. कृषी कार्ड नसेल तर आधी तेच काढा. भातानंतर त्याच ओलीवर अळसांदे घ्या, मळ्यात हरमलची मिरची लावा. माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गटाच्या नावाने एकाच जागी मांडा. गिऱ्हाईक चेहरा ओळखू लागले की दराची घासाघीस आपोआप उतरते.

वर्ग यशस्वी झाला का?

हजेरीपटावरून ते कळत नाही. पुढच्या मृगात वाड्यावर फेरी मारा आणि किती पडव्यांत गोणपाट बांधलेले पिंप उभे आहे ते मोजा. पाच दिसली तर गट तयार आहे. त्या पाचांपैकी एकाच्या मेरेवर पुढचा वर्ग भरवा, आणि या वेळी शिकवायला त्यालाच उभे करा.