दूरच्या दरबारांत गांवाचा आवाज

ग्रामपंचायत, नगरपालिका, राज्य व केंद्र अशी सत्तेची उतरंड आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत शिकतों. युरोपांत या उतरंडीवर आणखी एक मडकें चढलें आहे. सत्तावीस राष्ट्रें मिळून जो युरोपीय संघ झाला आहे, त्याचे कायदे या सर्व राष्ट्रांस बंधनकारक असतात. पिण्याचें पाणी किती शुद्ध असावें, शहराच्या हवेंत धूर किती चालावा, केरकचऱ्याची वाट कशी लावावी, यांविषयींचे नियम ब्रुसेल्स नगरीं ठरतात. परंतु पाणी गाळणारी, रस्ते झाडविणारी व त्यांचा खर्च सोसणारी संस्था कोणती? तर कोठल्या तरी लहान गांवची नगरपालिका! ज्यानें नियम अमलांत आणावयाचा, त्याला तो नियम करितांना कोणी विचारतें काय, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभीं या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक नव्हतें. १९५७ सालीं सहा राष्ट्रांनीं रोम येथें जो तह केला, त्यानें बोलण्याचा अधिकार मुख्यतः राष्ट्रांच्या सरकारांस दिला. प्रांतांस व शहरांस स्वतंत्र स्थान ठेविलें नाहीं. यांतून एक विलक्षण अडचण उत्पन्न झाली. जर्मनींत शाळा व पोलीस हे विषय राज्यघटनेनें घटकराज्यांकडे सोंपविलेले आहेत. मध्यवर्ती सरकारनें संघाच्या बैठकींत अशा एखाद्या विषयावर होकार दिला, कीं घटकराज्यांचा अधिकार त्यांस न विचारतां परस्पर वर जाई. आपल्या घरच्या किल्ल्या दुसऱ्यानेंच तिसऱ्याच्या हातीं द्याव्या, तसा हा प्रकार झाला. साहजिकच घटकराज्यें व शहरें जागीं झालीं, आणि त्यांनीं आपला आवाज वरपर्यंत पोंचविण्याच्या वाटा शोधल्या. त्यांपैकीं तीन वाटा ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली वाट सल्ल्याची. ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं मास्ट्रिख्त येथें जो तह झाला, त्यानें प्रांत व स्थानिक संस्था यांच्या प्रतिनिधींची एक समिति निर्माण केली. तिची पहिली सभा मार्च १९९४ मध्यें ब्रुसेल्स येथें भरली. आज तिचे ३२९ सभासद आहेत. जर्मनी, फ्रान्स व इटली यांचे प्रत्येकी २४, तर चिमुकल्या माल्टाचे ५. महापौर, नगरसेवक, प्रांतांचे मंत्री असे लोक तींत बसतात. सभासद स्वतः लोकांनीं निवडलेला असावा अथवा निवडलेल्या सभेस जबाबदार असावा, असा नियम आहे. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण, वाहतूक इत्यादि विषयांवर कायदा करण्यापूर्वीं या समितीचें मत विचारणें संघास भाग आहे. मात्र तें मानणें भाग नाहीं!

मग अशा सल्ल्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. ज्या सभेस नकार देतां येत नाहीं, तिचें म्हणणें कागदांत गुंडाळून ठेवणें सोपें असतें. याकरितांच डिसेंबर २००९ मध्यें अमलांत आलेल्या लिस्बनच्या तहानें समितीस न्यायालयाचें दार उघडून दिलें. जें काम खालच्या पायरीवर नीट पार पडतें, तें वरच्या पायरीनें हातीं घेऊं नये, हें संघानें मान्य केलेलें तत्त्व आहे. त्यास आपण समीपतेचें तत्त्व म्हणूं. १९३१ सालीं पोप अकरावे पायस यांनीं आपल्या परिपत्रकांत याच तत्त्वाचा स्पष्ट उच्चार केला होता. ज्या विषयांत समितीचें मत घेणें आवश्यक आहे, त्या विषयांतील एखादा कायदा या तत्त्वास सोडून झाल्यास समितीस संघाच्या न्यायालयांत दाद मागतां येते. सल्लागाराच्या हातीं फिर्यादीचा अधिकार आला, म्हणजे त्याच्या शब्दास वजन येतें.

दुसरी वाट आपल्याच राष्ट्राच्या खुर्चीची. जर्मनीनें डिसेंबर १९९२ मध्यें आपल्या घटनेचें तेविसावें कलम नव्यानें लिहिलें. त्यान्वयें सोळा घटकराज्यें आपल्या वरिष्ठ सभेच्या द्वारें संघाच्या कारभारांत भाग घेतात. शालेय शिक्षण, संस्कृति व नभोवाणी हे घटकराज्यांचे खास विषय जेथें मुख्यत्वें गुंतलेले असतील, तेथें संघाच्या मंत्रिमंडळांत जर्मनीच्या वतीनें घटकराज्यांचा प्रतिनिधि बोलतो. खुर्ची राष्ट्राची, पण बोलणारा घटकराज्याचा, अशी ही व्यवस्था आहे.

तिसरी वाट नकाराची. ती फारच थोड्यांस मोकळी आहे. बेल्जम देशांत कांहीं आंतरराष्ट्रीय करारांस प्रांतांच्या कायदेमंडळांचीही संमति लागते. कॅनडाशीं करावयाच्या व्यापारी कराराची बोलणीं २००९ सालीं सुरू होऊन कित्येक वर्षें चाललीं होतीं. १४ ऑक्टोबर २०१६ रोजीं वालोनिया प्रांताच्या कायदेमंडळानें या करारास विरोध दर्शविला. प्रांताची लोकवस्ती सुमारें ३६ लक्ष, आणि संघाची त्या वेळीं ५० कोटींहून अधिक! आपल्या शेतकऱ्यांचें कसें होईल, आणि परदेशी कंपन्यांस सरकारविरुद्ध खास न्यायमंडळापुढें जातां आलें तर लोकहिताचे कायदे करणें कठीण होईल काय, अशी त्या लोकांस धास्ती होती. मुख्यमंत्री पॉल मान्येत यांनीं ती धास्ती निर्भीडपणें मांडली. करारावर सही होण्याचा नेमलेला दिवस, २७ ऑक्टोबर, तसाच गेला. अखेर लेखी खुलासे मिळाले, न्यायमंडळाचा प्रश्न संघाच्या न्यायालयाकडे नेण्याचें बेल्जमनें कबूल केलें, आणि ३० ऑक्टोबर रोजीं सह्या झाल्या. पुढें ३० एप्रिल २०१९ रोजीं न्यायालयानें ती योजना संघाच्या कायद्यास धरून आहे, असें मत दिलें.

या प्रकरणीं दोन मतें पडलीं. मूठभर लोकांनीं कोट्यवधींस अडवून धरावें हा कोठला न्याय, असें एका पक्षानें म्हटलें. लहानांच्या शंका आधींच ऐकल्या असत्या तर ही पाळी आली नसती, असें दुसऱ्यानें उत्तर दिलें. दोन्हींत तथ्य आहे. प्रत्येक प्रांत नकार देऊं लागेल तर सहकार्य अशक्य होईल, आणि कोणासच विचारलें नाहीं तर कायद्याविषयीं आपलेपणा राहणार नाहीं. शिवाय नकाराचा अधिकार मोजक्या प्रांतांस आहे. डोंगरांतल्या लहान गांवास सल्ल्याचीच वाट उरते. म्हणून ती रुंद व स्वच्छ राखणें हेंच अधिक अगत्याचें.

योगायोग असा, कीं ज्या १९९२ सालीं मास्ट्रिख्तचा तह झाला, त्याच सालच्या डिसेंबरांत आपल्या संसदेनें पंचायती व नगरपालिका यांस घटनेंत स्थान देणाऱ्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या संमत केल्या. तेव्हां हा विषय केवळ परक्यांचा नव्हे. पालकांनीं ग्रामसभेस जावें व विद्यार्थ्यांनीं तेथील ठराव वाचून समजून घ्यावेत. गांवची अडचण आंकड्यांनिशीं, वेळेवर व स्पष्ट शब्दांत मांडण्याची संवय जेथें आहे, तेथील प्रतिनिधीस वरच्या सभेंत सांगण्यासारखें कांहीं असतें. बसावयास जागा तह व घटना देतील. तेथें काय बोलावें, हें मात्र गांवानेंच ठरवून द्यावें लागतें.