घरचा लिनक्स संगणक व सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार



विद्यार्थ्यांचे गुण, जन्मदिनांक, पालकांचे दूरध्वनी क्रमांक इत्यादी माहिती पुष्कळदा शिक्षकाच्या घरच्या संगणकावरही असते. त्याच संगणकावर घरातील मुले अभ्यास करितात व खेळतातही. एखाद्या मुलाने हौसेने अनोळखी ठिकाणाहून आणलेले सॉफ्टवेअर बसविले, तर ती माहिती परक्याच्या हाती जाण्याचा संभव असतो. म्हणून सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे प्रथम ठरविले पाहिजे.

१. तत्त्व : लिनक्समध्ये सर्वाधिकार ‘रूट’ या खात्याकडे असतो. ज्यास परवानगी दिलेली आहे, त्यास ‘सूडो’ या आज्ञेने तो अधिकार तात्पुरता घेता येतो. उबंटूमध्ये प्रथम निर्माण होणाऱ्या खात्यास ही परवानगी आपोआप मिळते. घरातील सर्वजण तेच खाते वापरीत असतील, तर तिजोरीची किल्ली प्रत्येकाच्या हाती दिल्यासारखे होते.

२. कृती :
(अ) सेटिंग्जमधील ‘युजर्स’ या विभागात प्रत्येक मुलासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे स्वतंत्र खाते उघडावे. या खात्यातून संपूर्ण संगणकासाठी सॉफ्टवेअर बसवू गेल्यास प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो.
(आ) शिक्षकानेही दैनंदिन काम आपल्या स्टँडर्ड खात्यातूनच करावे.
(इ) पासवर्ड मुलांसमक्ष टंकित करू नये. सूडोला एकदा पासवर्ड दिल्यावर त्याच टर्मिनलमध्ये काही मिनिटे तो पुन्हा मागितला जात नाही. यास्तव टर्मिनल उघडे ठेवून उठू नये.

३. मर्यादा : एवढ्याने सर्व काही साधले, असे मात्र समजू नये. स्टँडर्ड खात्यातूनही स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ‘ॲपइमेज’ चालविता येते, आणि फ्लॅटपॅक उपलब्ध असल्यास केवळ स्वतःपुरते सॉफ्टवेअर बसविता येते. होमचा विभाग स्वतंत्र असल्यास त्यास ‘नोएक्झेक’ हा पर्याय लावून ॲपइमेज रोखता येते. परंतु पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम पायथॉनकरवी तरीही चालतो. तसेच पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास खात्यांचे निर्बंध निरुपयोगी ठरतात. त्यासाठी बायोसला पासवर्ड लावून बूटचा क्रम निश्चित करावा. ग्रबच्या रिकव्हरी मार्गासही पासवर्ड असावा.

४. संस्कार : शिक्षकाचे खरे कार्य येथे सुरू होते. केवळ निषेध केल्याने मूल पळवाट शोधते. कारण समजले तर ते स्वतःच राखण करिते. मुलाने सॉफ्टवेअर मागितल्यास ते कशासाठी हवे, हे विचारावे व उभयतांनी ते वितरणाच्या अधिकृत भांडारात शोधावे. त्या भांडाराची डिजिटल स्वाक्षरी ‘ॲप्ट’ तपासून पाहते. वाटेल तेथून आणलेल्या फाईलला असा आधार नसतो. योग्य ठरल्यास शिक्षकाने ते स्वतः बसवून द्यावे.

अभ्यासासाठी प्रश्न :
१. आपल्या घरी सूडोची परवानगी किती खात्यांना आहे?
२. स्टँडर्ड खाते कोणत्या गोष्टी रोखू शकत नाही?
३. मुलास नकार देताना त्याचे कारण आपण कोणत्या शब्दांत सांगाल?