खोकला थांबला, तरी गोळ्या चालू ठेवा

लोणावळा-तळेगावच्या हवेने क्षय बरा होतो, असे मावळातल्या वस्त्यांत आम्ही अजून ऐकतो. हवा चांगलीच, पण जंतू मरतो गोळ्यांनी, आणि तो चिवट आहे. कोणते जनुक चालू करायचे हे त्याच्या पेशीत 'सिग्मा' प्रथिने ठरवतात. जनुकाआधीची ठरावीक खूण, म्हणजे प्रमोटर, सिग्मा ओळखतो. क्षयाच्या जंतूकडे असे १३ सिग्मा! आपल्या पांढऱ्या पेशींनी मारा केला, की एरवी बांधून ठेवलेला 'सिग्मा-एच' सुटतो, वेगळ्या खुणा धरतो आणि बचावाची जनुके चालू होतात. काही जंतू वाढ मंदावून दबा धरतात. त्यांच्यावर औषध सावकाश चालते. म्हणून दोन महिन्यांत खोकला थांबला, तरी साध्या क्षयाच्या गोळ्या सहा महिने घ्याव्याच लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत आहेत. उपचार चालू असेतो आहारासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात.